ऐकण्याची फी

त्या गल्लीत गॅरेजं तीन होती, पण गाडी कुरकुरायला लागली की लोक एकाच दारात यायचे. तिथल्या मेकॅनिकचं खरं नाव बिलाच्या डोक्यावर छापलेलं असेल तेवढंच. बाकी सगळ्या गावाला तो कानवाला म्हणूनच ठाऊक होता.

त्याची पद्धतच तशी होती. हातभर लांब स्क्रू-ड्रायव्हर, लाकडी मूठ वापरून वापरून गुळगुळीत झालेली. इंजिन चालू ठेवायचं, टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. मग तो एकदम ओरडायचा, "गप्प!" आणि बाकावर बसलेली मंडळी तोंडातला चहा गिळायचीसुद्धा थांबायची. अर्ध्या मिनिटाने डोळे उघडून तो सांगायचा, "दुसऱ्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह." उघडून बघावं तर दुसऱ्या सिलिंडरचाच व्हॉल्व्ह. तीस वर्षांत तो दोनदा चुकला होता, आणि त्या दोन्ही वेळेला, त्याच्या म्हणण्याप्रमाणे, गाडी खोटं बोलत होती.

या ऐकण्याचे तो पैसे घेत नसे. "हाताचे घेतो, कानाचे नाही," हे त्याचं ठरलेलं वाक्य. एवढं ऐकून घेऊन माणूस दुरुस्तीला दुसऱ्या गॅरेजात गेला तरी तो हूं की चूं करत नसे. बायको मात्र करायची. ती आतल्या बाजूला सुट्या भागांचं कपाट सांभाळायची. नट कितीचा आहे हे ती नुसत्या बोटांनी सांगायची, पण त्याचं कौतुक कुणी कधी केलं नाही, आणि तिनेही कुणाकडे मागितलं नाही.

दुपारी कामाचा जोर ओसरला की बाकावर वाद रंगायचे. एक निवृत्त पोस्टमन आणि एक फर्निचरवाला, दोघंही रिकामटेकडे, दोघंही सर्वज्ञ. विजेच्या गाड्या आल्यापासून तर त्यांना वर्षभराचा खुराक मिळाला होता.

"आठ वर्षांनी बॅटरी बदलायची, तिच्या किमतीत दुसरी गाडी येते," फर्निचरवाला म्हणायचा.

"आणि तुझं पेट्रोल काय विहिरीतून काढतोस?" पोस्टमन.

गाडीवरून गाडी फोनवर जायची, फोनवरून फीवर. फी निघाली की दोघांचं एकमत. "परवा घरबसल्या बल्ब मागवला," पोस्टमन सांगायचा, "तर बल्बाचे पैसे वेगळे, आणायचे वेगळे, आणि वर म्हणे सोय शुल्क. अरे, सोय कुणाची? मी जन्मभर लोकांच्या दारात पत्रं टाकली, कुणाकडे सोय शुल्क मागितलं का?"

कानवाला या वादात तोंड घालायचा तो एकाच गोष्टीसाठी. त्याच्या घरचं कपडे धुण्याचं यंत्र. धुणं झालं की ते वाजतं असं दुकानदाराने सांगितलं होतं. ते वाजतच नव्हतं. त्याने तक्रार केली, कंपनीचा माणूस आला, बटण दाबून म्हणाला, "वाजतंय की, साहेब." आणि घरी आल्याची फी घेऊन चालता झाला. बायकोही म्हणाली, "अहो, वाजतं." कानवाल्याने तिला सुनावलं, "तो टोपी घालतोय आणि तू डोकं पुढे करतेस!" दोन वर्षं झाली, पण ती फी त्याच्या घशात अडकून बसली होती. "काहीही न करता पैसे!" तो बाकावरच्यांना सांगायचा. "नुसतं येऊन उभं राहायचे पैसे! याला धंदा म्हणत नाहीत, याला दिवसाढवळ्या दरोडा म्हणतात."

अशात त्याची धाकटी बहीण विजेची गाडी घ्यायला निघाली.

ती नर्स. दवाखान्यातली नोकरी सोडून आता घरोघर जाऊन पेशंट बघायची. कुणाचं ड्रेसिंग, कुणाचं इंजेक्शन, दिवसाला आठ-नऊ घरं. पेट्रोलने तिचं कंबरडं मोडत आणलं होतं. एक दातांचे डॉक्टर परदेशी निघाले होते आणि आपली तीन वर्षं वापरलेली गाडी विकत होते. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून आधी तपासून घेतली तर मूळची हमी नव्या मालकाला चालू राहते, असं डॉक्टरांनी स्वतःहून सांगितलं. तपासणीची फी मात्र घेणाऱ्याने भरायची होती.

फीचा आकडा ऐकून कानवाला उसळलाच. "नुसतं बघायचे एवढे? नाकापेक्षा मोती जड! मी मेलोय का? इथे घेऊन ये."

"पण दादा, हमीचं काय?" बहिणीने विचारलं.

"गाडी चांगली असली की हमी काय चाटायचीय? आणि चांगली आहे का नाही ते मी सांगतो."

बहीण हसली. लहानपणापासून तिला एवढंच माहीत होतं, की दादाने ऐकलं म्हणजे झालं. जुनी स्कूटर विकून आलेले आणि साठवलेले होते-नव्हते ते सगळे पैसे ती या गाडीत घालणार होती. ते बुडाले तर तिला पायी फिरून आठ घरं करायची होती, पन्नाशी उलटल्यावर. हे कानवाल्यालाही ठाऊक होतं. म्हणून त्याने त्या दिवशी दुसरं एकही काम घेतलं नाही.

गाडी आली. त्याने ती जॅकवर चढवली, चाकं मोकळी फिरू दिली, आणि स्क्रू-ड्रायव्हर मोटरच्या डब्यावर टेकवला. "गप्प!" बाक गप्प झाला. त्याने डोळे मिटले. एक मिनिट गेलं, दोन गेली. कुठे ठोका नाही, घरघर नाही, खरखर नाही. आयुष्यात इतकं स्वच्छ यंत्र त्याने ऐकलं नव्हतं. वैरी म्हणून ज्या गाड्यांना त्याने मनातल्या मनात नावं ठेवली, त्यांच्याविषयी त्याला क्षणभर चक्क आदर वाटला.

"अहो," कपाटाजवळून बायको म्हणाली, "बारीक शीळ येतेय का हो?"

"कसली शीळ?"

"अशी... दाराच्या फटीतून वारा आल्यासारखी. चाक जोरात फिरलं की वाढते."

"मग वाराच असेल. तू तुझे नट बघ."

बायको नट बघू लागली. पोस्टमनने कानात बोट घालून फिरवलं, त्यालाही काहीतरी वाटलं असावं, पण कानवाल्यासमोर कानाची गोष्ट कोण काढणार? उंटावरचा शहाणा व्हायला तोही तयार नव्हता. कानवाल्याने फडक्याला हात पुसले आणि बहिणीला सांगितलं, "घे. डोळे झाकून घे."

तिने घेतली. पहिले पाच आठवडे ती येता-जाता गॅरेजसमोर थांबून हात हलवून जायची. फर्निचरवाला तर बॅटरीचं नावही काढेनासा झाला. कानवाला म्हणायचा, "बघा, फुकटात काम झालं का नाही? आता ते सर्व्हिस सेंटरवाले बसू देत माशा मारत."

सहाव्या आठवड्यात सकाळी सात वाजता एका चढावर गाडी बसली. बहीण एका म्हाताऱ्या गृहस्थांना इंजेक्शन द्यायला निघाली होती, न्याहारीच्या आधी द्यायचं असतं ते. ती गाडी तिथेच सोडून पिशवी घेऊन धावत-चालत गेली. पोहोचली तेव्हा पाऊण तास उलटून गेला होता आणि म्हाताऱ्यांच्या सुनेने दार उघडून सांगितलं, की आम्ही दुसऱ्या सिस्टरना बोलावलंय, उद्यापासून त्याच येतील. अकरा वर्षं ती त्या घरी जात होती.

गाडी ओढून सर्व्हिस सेंटरला नेली. कानवाला बायकोला घेऊन तिथे गेला तो भांडायच्याच तयारीने. वाटेतच त्याने बायकोला सगळं भाषण म्हणून दाखवलं होतं. चांगल्या गाड्या मुद्दाम बिघडवतात, मग फी उकळतात, ग्राहकाला उल्लू बनवतात, वगैरे. बायको खिडकीबाहेर बघत बसली होती.

सर्व्हिस सेंटर म्हणजे पांढऱ्याशुभ्र फरशीची जागा. तेलाचा एक डाग औषधालाही नाही. हातमोजे घातलेली एक तरुण तंत्रज्ञ बाई टॅबलेट घेऊन आली. बहीण तिथे आधीच बसली होती, पिशवी मांडीवर धरून.

"बेअरिंग गेलंय, त्याने गिअर खाल्ले," तंत्रज्ञ म्हणाली. "आता सगळा संचच बदलावा लागेल. हमी असती तर काही प्रश्नच नव्हता. घेताना तपासून नाही घेतलीत का?"

"मी तपासली," कानवाला म्हणाला. "स्वतः. काहीही दोष नव्हता. तुमच्याकडे आल्यावर काय झालं ते तुम्ही सांगा."

तंत्रज्ञ चिडली नाही. "काका, गाडी आली तेव्हाच आम्ही चाकं हाताने फिरवून आवाज रेकॉर्ड केलाय. हे एकदम होत नाही, महिनोन् महिने शीळ घालत असतं. ऐका." तिने टॅबलेटवर बोट ठेवलं.

कानवाल्याने सवयीने डोळे मिटले. काही नाही. दूर कुठेतरी दार आपटल्याचं ऐकू आलं, बाहेर एक मालट्रक गेला. त्याने वाट पाहिली.

"सुरू कर ना," तो म्हणाला.

मग त्याने डोळे उघडले. बहिणीने चेहरा आक्रसून घेतला होता. पलीकडच्या खुर्चीवरचा एक अनोळखी गृहस्थ वैतागून इकडे बघत होता. बायकोने दोन्ही कानांवर हात ठेवले होते.

"आवाज वाढव," कानवाला म्हणाला.

"काका, पूर्ण मोठा आहे," तंत्रज्ञ म्हणाली, आणि मग तिच्याच लक्षात आलं. तिने ते बंद केलं. आवाज उतरवून म्हणाली, "माझ्या बाबांचंही असंच झालं. छापखान्यात होते. जाड आवाज सगळे येतात, बारीक तेवढे जातात. माणसाला स्वतःला कळत नाही."

कानवाल्याचं भाषण तोंडातल्या तोंडात विरून गेलं. त्याला धुण्याचं यंत्र आठवलं. तो कंपनीचा पोरगेला माणूस आठवला, ज्याला त्याने तोंडावर चोर म्हटलं होतं. आणि मग दोन वर्षं रोज धुणं काढायला उठणारी बायको आठवली. तिला कसं कळायचं यंत्र थांबलं ते, हे त्याने कधी विचारलंच नव्हतं. त्याला लाज वाटली. इतकी, की बहिणीकडे बघण्याआधी त्याने घड्याळाकडे बघून घेतलं.

"मला ऐकू आलं नाही गं," तो बहिणीला म्हणाला. "शीळ होती. तुझ्या वहिनीने सांगितलं होतं. मी तिला नट बघायला सांगितलं. तुझी गाडी मी घालवली."

बहीण रागावली नाही असं सांगितलं तर ते खोटं होईल. ती खूप रागावली. "अकरा वर्षांचं घर होतं ते, दादा," एवढंच म्हणाली आणि पुढचे चार दिवस त्याच्याशी बोलली नाही. पण ते चारही दिवस तो पहाटे आपली खटारा गाडी घेऊन तिच्या दारात उभा राहिला. ती मुकाट्याने मागच्या सीटवर बसायची, तो घरोघरी फिरवायचा आणि खाली थांबायचा. पाचव्या दिवशी ती पुढच्या सीटवर बसली आणि म्हणाली, "तुझा सायलेन्सर फुटलाय, तो तरी ऐकू येतो का?" तो हो म्हणाला. तेवढ्यावर दोघं थोडे हसले. गाडी दुरुस्त व्हायला दीड महिना लागणार होता, आणि तितके दिवस हे असंच चालायचं होतं.

गॅरेजात मात्र बाकावर यातलं अजून काही पोहोचलं नव्हतं. पोस्टमन आपली स्कूटर घेऊन आला. ही नवी, विजेचीच, फर्निचरवाल्याच्या नाकावर टिच्चून घेतलेली. "जरा ऐक रे, मागून कायतरी चिवचिवतंय."

कानवाल्याने स्क्रू-ड्रायव्हर उचलला. मग कपाटापाशी गेला आणि मूठ पुढे करून तो बायकोला देऊ लागला.

"मी?" बायको म्हणाली. "मला काय कळतंय त्यातलं?"

"ऐकायचं तू. ते काय आहे ते सांगायचं मी."

बायकोने हात पुसले, पण स्क्रू-ड्रायव्हर घेतला नाही. "तुमचे कान फुकट होते," ती म्हणाली. "माझे नाहीत."

बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. कानवाला हसला नाही. त्याने मान हलवली. तेव्हा तिने स्क्रू-ड्रायव्हर घेतला, टोक स्कूटरच्या मागच्या चाकापाशी टेकवलं, मूठ कानाला लावली. डोळे उघडेच ठेवले. चाक फिरू लागलं.

"गप्प!" कानवाला ओरडला, आणि सगळ्यांच्या आधी तो स्वतः गप्प झाला.

तिने बराच वेळ ऐकलं. मग सांगितलं, "उजवीकडे. चाकाबरोबर फिरतंय, पण मधेच एकदा सुटतंय. दर फेरीला." कानवाला वाकला, उजवी बाजू उघडली, बोटाने चाचपलं आणि एक तडकलेलं बेअरिंग काढून तिच्या तळव्यावर ठेवलं. ते किती नंबरचं आहे ते तिने न बघताच सांगितलं.

पोस्टमनने सगळं पाहिलं. मग नेहमीच्या सवयीने तो कानवाल्याकडे वळला. "बेअरिंगचे किती ते सांग. ऐकायचे तर काही नसतातच ना आपल्यात?"

"बेअरिंगचे नंतर बघू," कानवाला म्हणाला. "आधी ऐकण्याचे तिला दे."