शंभर टक्क्यांची पाटी

शाळेच्या दारावर ‘शंभर टक्के निकाल’ असं लिहिलेलं दिसलं की आजही माझं डोकं फिरतं. आत जाऊन विचारावंसं वाटतं, बसवले किती ते सांगा, आणि घरी पाठवले किती तेही सांगा. नातू म्हणतो, आजोबा, तुम्हाला कशातच चांगलं दिसत नाही. नाही दिसत बापा! एका साली त्या शंभरापायी माझा जीव टांगणीला लागला होता.

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं तेव्हाची गोष्ट. अकोल्यातल्या आमच्या हायस्कुलात, नाव सांगत नाही, उगाच कोणाला वाईट नको, हॉलच्या भिंतीवर एक काळी लाकडी पाटी होती. तिच्यावर पांढऱ्या रंगात वर्ष, मॅट्रिकला बसलेले, पास झालेले आणि शेवटी टक्के. इन्स्पेक्टरसाहेब टांग्यातून उतरले की आधी पाटीपुढे उभे राहायचे, वर्ग मागाहून. शाळा कशी आहे ते त्यांना तिथेच कळायचं म्हणे! अमरावतीच्या एका शाळेनं दोनदा शंभर टक्के काढले होते, आमच्या हेडमास्तरांनी एकदाही नाही. अमरावतीचं नाव निघालं की त्यांच्या घशाखाली चहा उतरत नसे.

माणूस वाईट नव्हता हो. मूळचे पुण्याकडचे, पण आमच्यासाठी सकाळी सातला येऊन जादा तास घ्यायचे. कोटाच्या खिशात खडू असायचा. शिकवता शिकवता घाम पुसायला हात वर गेला की कपाळ पांढरं व्हायचं. आम्ही त्यांच्यावर जीव टाकायचो. पण डिसेंबरात चाचणी परीक्षा यायची, आणि तिच्यात जो कच्चा निघाला त्याला ते मॅट्रिकचा फॉर्मच भरू देत नसत. जो बसलाच नाही तो नापास कसा होईल? तो पाटीवर चढतच नाही. अशा पोरांना आम्ही ‘गाळ’ म्हणायचो. मीही म्हणायचो, चांगलं दात काढून.

त्या साली गाळ मीच झालो. गणितात चार मार्क कमी पडले. बाकीची बावीस पोरं अशी पक्की की शंभर टक्के हातात आल्यासारखेच होते. मी तेविसावा.

घरी वडील नव्हते. मोर्णा नदीच्या काठी आमचा भाजीचा मळा होता. काका मळा पाहायचे आणि आई बाजारात भाजी विकायची. काकांनी मला आधीच बजावून ठेवलं होतं, “औंदा मॅट्रिक झाला तं ठीक, नाही तं पुस्तकं बांधून ठेव न् मोटेवर ये.” फॉर्म अडला हे मी आईला सांगितलं तेव्हा मला रडूच फुटलं. सोळा वर्षांचा घोडा, आणि चुलीपुढे बसून हमसून हमसून रडत होतो.

दुसऱ्या दिवशी आई बाजारातून थेट शाळेत आली. काखेत रिकामी टोपली, लुगड्याला सांबाराचा वास. सांबार म्हणजे पुण्यातली कोथिंबीर. हेडमास्तर तिला हॉलमध्ये पाटीखालीच भेटले. मी आणि शिपाई दाराशी उभे होतो.

“मास्तर, माह्या पोराले परीक्षेले काऊन नाही बसवून राहिले तुमी?”

हेडमास्तर एक पाऊल मागे सरले. आमच्याकडची बाई साधं विचारते तेव्हाही पुण्याच्या कानांना ती भांडायला आलीसं वाटतं.

“बाई, तो नापास होईल. शाळेचा निकाल पडेल.” मग त्यांनी पाटी दाखवून तिला सगळं नीट समजावून सांगितलं. आईला अक्षर येत नव्हतं, पण भानगड तिच्या तेव्हाच ध्यानात आली. तिचा चेहरा एकदम खुलला.

“अरे माय! हे तं थर लावणं झालं. मी बी तेच करतो ना! किडकी-वाकडी वांगी घरीच म्हशीपुढं टाकतो न् बाजारात निवडक वांग्यांचा थर लावतो. लोक म्हणतात, काय मळा आहे बाईचा! पण मळा कसा आहे ते थरावरून नाही समजत मास्तर. ते मले ठाऊक, न् म्हशीले ठाऊक.”

शिपाई फिसकन हसला. मला वाटलं, आता आपली शाळा कायमची सुटली. हेडमास्तर मात्र हसले नाहीत की रागावले नाहीत. पाटीकडेच पाहत, माझ्याकडे न बघता म्हणाले, “फॉर्म घेऊन ये.”

मार्चपर्यंत त्यांनी माझ्याकडून गणितं घोटून घेतली. मीही जीव तोडून अभ्यास केला, खोटं सांगत नाही. जूनमध्ये निकाल लागला. बावीस पास. नापास मी एकटा, आणि तोही गणितात! अमरावतीवाल्यांचे पुन्हा शंभर झाले. काकांनी मोटेचा कासरा माझ्या हातात दिला. मला नापास झाल्याचं दुःख होतंच, पण मास्तरांचे शंभर आपण खाल्ले याची लाज त्याहून मोठी होती. शाळेच्या रस्त्यानं जाणंच मी सोडलं.

रविवारी बाजारात आईशेजारी बसलो होतो. मागे काका पोती रिकामी करत होते. समोरून कापडी पिशवी घेऊन हेडमास्तर येताना दिसले तसा मी टोपलीमागे वाकलो. ते थेट आमच्याच पुढ्यात येऊन थांबले.

“वांगी द्या बाई. थरातली नकोत. मळ्यातून निघाली तशी द्या.”

आई गडबडली. “निवडलेली नाहीत मास्तर, पोत्यात किडकीबी हायेत. तुमाले कशी देऊ?”

“द्या. किडकं तेवढं कापून टाकीन. त्याच्यापायी अख्खं वांगं कशाला टाकायचं?”

आईनं पोत्यातली वांगी पिशवीत भरली. जाताना ते काकांना म्हणाले, “उद्या सकाळी सातला याला पाठवा.” पाठवता का, असं त्यांनी विचारलंच नाही. काकांनी मान हलवली.

सोमवारी मी मान खाली घालून वर्गात शिरलो. वाटलं होतं, नव्या पोरांत आपण एकटेच असू. पाहतो तर मागच्या दोन बाकांवर गेल्या सालांचा सगळा गाळ बसलेला! कोणी दुकानातून उठून आलेला, कोणी शेतातून, एक तर दर्यापुराहून आला होता. हेडमास्तरांनी घरोघर चिठ्ठ्या धाडून बोलावलं होतं त्यांना.

पुढच्या जूनमध्ये मी पास झालो. पाटीवर टक्के घसरले होते. किती, ते आता आठवत नाही. बसलेल्यांचा आकडा मात्र अजून तोंडपाठ आहे. एकतीस.