मामांचा गुडघा

गेल्या रविवारी सकाळी सोलापूरच्या होम मैदानावर मी पहिल्यांदाच एकटी फिरायला गेले... आणि अर्ध्या फेरीतच कट्ट्यावर बसून रडले. दमले म्हणून नव्हे.

मामा म्हणजे माझे सासरे. कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमधून रिटायर झाले आणि शुक्रवार पेठेत आमच्याकडे राहायला आले. डॉक्टरीणबाई त्यांना दर वेळी सांगायच्या, रोज चाला, या वयात चालणं पायांइतकंच डोक्यालाही लागतं. मी मागे लागले की मामांचं ठरलेलं उत्तर, "जलमभर वर्कशॉपात हुबा हुतो की. आता आणि कुटं चालू?"

मी घरी ब्लाऊज शिवते. गेल्या दिवाळीआधी, ऐन सीझनमध्ये, माझंच काहीतरी बिनसायला लागलं. दूध गॅसवर ठेवून विसरायचे, रोजच्या बायकांची नावं आठवायची नाहीत... आणि एक दिवस एका नवरीचं ब्लाऊज भलतीच्याच मापावर कापून बसले. कापड साडीतलंच, दुसरं मिळणार नव्हतं.

मशीनवर डोकं टेकून रडले. कापडाचं वाईट वाटलंच, पण खरी भीती वेगळी होती. माझी आई अशीच विसरत विसरत गेली... शेवटी शेवटी मलाच विचारायची, "तुम्ही कुणाच्या?" मी अठ्ठेचाळीसची. वाटलं, झालं, माझीही सुरुवात झाली. घरात हे कुणालाच बोलले नाही, नवऱ्यालासुद्धा.

त्यानंतर काही दिवसांनी मामा भल्या सकाळी बूट घालून दारात उभे. "चल गं. एकट्याला भ्या वाटतंय. कुटं पडलो बिडलो तर?"

मनात म्हटलं, घ्या! बरोबर माझ्या कामाच्या घाईत यांना व्यायाम सुचला. पण नाही कसं म्हणणार... चपला सरकवल्या आणि कपाळाला आठ्या घालूनच निघाले.

सुरुवातीला मला फार दम लागायचा. आणि नेमका तेव्हाच मामांचा गुडघा दुखायचा! "जरा बसू," म्हणायचे, मला बरंच वाटायचं. चालता चालता मला स्टेशनं म्हणायला लावायचे... बाळे, पाकणी, मोहोळ करत थेट कुर्डुवाडीपर्यंत, मग उलटी. "माज्या ध्यानात ऱ्हात न्हाय, तू म्हण." मीही बिचाऱ्यांची करमणूक म्हणून म्हणायचे.

मग मामांनी नातीला, म्हणजे माझ्या लेकीलाही उठवायला सुरुवात केली. दहावीचं वर्ष, म्हणून मी आधी कुरकुरले. पण तीच म्हणायला लागली, पळून आलं की गणितं पटपट डोक्यात शिरतात... ती आम्हाला मागे टाकून फेऱ्या मारत सुटायची.

हळूहळू मला शांत झोप लागायला लागली. मापं चुकेनात. एखादं नाव पटकन आठवलं नाही तरी घाम फुटेना. आणि मी मात्र सगळ्या पेठेत सांगत सुटले, बघा, मामांना मी कशी चालायची सवय लावली!

तर गेल्या रविवारी मामा त्यांच्या भाचीच्या लेकाच्या बारशाला माळशिरसला गेले होते आणि लेकीचा क्लास होता. एकटीनं जायचं काही कारण नव्हतं... पण पाय आपसूक मैदानाकडे वळले. तिथे बसप्पाकाका भेटले, मामांचे फिरण्यातले दोस्त. कापडाचं दुकान आहे त्यांचं, घरात कन्नड, बाहेर सोलापुरी मराठी.

"काय अक्का, आज एकट्याच? मग विसरायचं कमी आलं म्हणायचं की."

"हो काका, मामांचं आता बरंच बरं आहे."

काका हसायलाच लागले. "त्यांना काय झालंय? वर्कशॉपातल्या समद्यांची नावं बापाच्या नावासकट पाठ हायत की. मी तुमचं विचारलो."

मग काकांकडून सगळं कळलं. मी ब्लाऊज चुकवलं त्याच संध्याकाळी, मला मशीनवर रडताना बघून, मामा एकटेच दवाखान्यात गेले होते. सुनेची आई अशीच गेली, पोरीनं धसका घेतलाय, काय करू म्हणून विचारायला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रक्त तपासून घ्या आणि तिला रोज चालवा, नातीलाही न्या. शाळेतल्या पोरांचं अभ्यासात लक्ष लागतं, मधल्या वयात झोप आणि मन थाऱ्यावर येतं, तुमच्या वयात आठवण टिकायला मदत होते... डोक्याला व्यायाम कुठल्याही वयात लागू पडतो.

"तर तुमचे मामा म्हणले, तिच्यासाठी चल म्हणलं तर यायची न्हाय. कामं म्होरं करंल. माजं निमित्त केलं की येतीया."

रक्ताचंही आठवलं. "माजं काढत्यात, तूबी दे की," म्हणून लॅबमध्ये मलाही सुई टोचायला लावली होती. रिपोर्ट नॉर्मल आले त्या दिवशी मामांनी पेढे आणले होते... स्वतःच्या रिपोर्टचे म्हणून.

तेव्हा मी कट्ट्यावर बसले ती बसलेच. काका बिचारे घाबरून पाणी आणायला गेले.

आईचं झालं ते माझं होणारच नाही, असं कुणी लिहून देणार नाही. पण ती भीती आता रोज उशाशी येऊन बसत नाही, एवढं खरं.

मामा रात्री परत आले. सोमवारी सकाळी मीच आधी बूट घालून त्यांच्या दारात उभी राहिले. प्रवासानं थकलेले होते, मैदानाच्या वळणावर त्यांना धाप लागली... पण थांबायला तयार नाहीत.

म्हटलं, "जरा बसूया का मामा? माझा गुडघा दुखतोय."

मामांनी माझ्याकडे बघितलं. मग कट्ट्यावर टेकले आणि उपरण्यानं माझ्यासाठी शेजारची धूळ झटकली. "बस. लई शानी झालीस."

माझ्या आईला असं बाहेर काढणारं कुणी मिळालं नाही... मला मिळालं. आभार इथेच मानून घेते, कारण समोर मानायला गेले तर मामा गुडघ्याचंच सांगत बसतील.