चकव्याचा खरा रस्ता

अश्वजित मेहकरच्या एस.टी. डेपोत मेकॅनिक, अन् रविवारी दुपारच्या खेळात आमचा देव. हसू नका. मी हर्षल, त्याचा शेजारी, माहं शिलाईचं दुकान हाये. त्या खेळात मी तीन वर्षांपासून तलवारवाला आहो, अन् खरी तलवार कधी हातात धरली नाई.

खेळ असा: तो गोष्ट सांगते, आपन फासे टाकाचे, गोष्टीतल्या मानसाचं काय होते ते फासे ठरवते. त्या दुनियेचे देवही त्यानंच घडवले. लोखंडाची देवी, पावसाचा म्हातारा, अन् सगळ्यात लबाड चकवा. भर दुपारी वावरात रस्ता चुकला का म्हनते ना, चकवा लागला? तोच. त्याच्या राज्यात कापसाचं वावर कधी सरतच नाई. पांढऱ्या बोंडांतून चालत राहाचं, अन् चकवा बांधावर बसून गोड आवाजात रस्ता सांगते. नेहमी खोटा, हा नियमच. अश्वजित डोळे मिटून त्याचा आवाज काढे, तवा पंख्याखाली बसून आमाले वावराचा वास ये.

त्याची बहीन महामाया, खेळातली तिरंदाजीन, आमच्यात सगळ्यात हुशार. तिले मलकापूरच्या दवाखान्यात नर्सची नोकरी लागली, तर हा शहाना म्हने, "एकटी पोरगी तिकडं कायले?" लय वाजलं दोघांचं. निंघताना पोरगी दारातून म्हनली, "जाते मी." आता सांगा, घरातून निंघताना 'जाते' म्हनते का कोनी? 'येते' म्हनते. आई मटकन खाली बसली. अन् हा अडेलतट्टू म्हने, "जा." आठ महिने बोलनं नाई. मले असा राग ये, दोन ठेवून द्याव्या वाटे त्याले.

गेल्या रविवारी मीच तिले फोन लावला अन् फाशांच्या बाजूले ठेवला. "माया हाये. खेळते म्हने." अश्वजितचं तोंड उतरलं, पन खेळ सुरू झाला. तिची तिरंदाजीन पांढऱ्या वावरात उतरली. चालत राह्यली, चालत राह्यली. बोंडं खांद्याले लागत होती, ऊन जागचं हलत नव्हतं. मंग बांधावर चकवा दिसला.

"चकवेबुवा," फोनमधून ती हळूच म्हनली, "मले घरी याचं हाये. रस्ता कोनता?"

अश्वजितनं डोळे मिटले. आता नदीतून जा म्हनन, उलट्या पायानं चाल म्हनन, अशी वाट पाहत आमी बसलो.

"मलकापूरहून सकाळची पह्यली गाडी धर," तो म्हनला. आवाज चकव्याचा नव्हताच. "मोताळा, बुलढाना, चिखली. खिडकीपाशी बस, तुले मळमळते. मी स्टँडवर उभा राहीन."

मी फोन त्याच्याजवळ सरकवला. अरे, बोल ना माय, मी मनातल्या मनात म्हनून राह्यलो.

"दादा, नियम मोडला तू."

"हाव," तो म्हनला. "माहं चुकलं, माया."

ती रडून राह्यली होती. "आईले फोन दे," म्हनली. "उद्या सुट्टी हाये माही."