बुढीची सळई अन् दातवाल्याची सुई

हे आत्ताच सांगा लागते, उद्यावर नाई टाकत. टायपिंगच्या क्लासात मशीन रिकामी भेटली, मास्तर जेवून येईपर्यंत सारं बडवून काढते. चुका झाल्या तर समजून घ्या.

अमरावतीच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरनं माझी पापणी खाली ओढली अन् म्हणे, "सीरम हिपॅटायटिस." मंग मराठीत सांगितलं, दुसऱ्याच्या रक्तातून आलेली कावीळ. सुईवाटे.

मले असा राग आला! "मी काहून कोणाचं रक्त घेऊ?"

"तीन-चार महिन्यांत सुई कुठे टोचली, ते सांग मुली."

त्याच्याआधी आठ दिवस नुसत्या ओकाऱ्या. खोलीतल्या मैत्रिणीच्या अंगावर ओकली. लघवी चहासारखी. मेसवाली मावशी मले कावीळ उतरवणाऱ्या एका बुढीकडे घेऊन गेली. तिथल्या दोघींनी हात धरले, एक पायावर बसली, अन् बुढीनं लालबुंद सळई मनगटावर ठेवली. चर्र! मी बुढीले लाथ घातली, शिव्या घातल्या.

बुढी हासे. "मार माय, मार. एवढा जोर हाये, जगशीन तू."

अन् सळई परत विस्तवात खुपसली, पुढच्या बाईसाठी.

डॉक्टरनं तो डाग पाहिला अन् कपाळावर हात मारला. तवा मले आठवलं, दाढ! संक्रांतीले घरी अकोल्याले गेली होती तवा काढली. माझ्या आधीचा माणूस रक्त थुंकत खुर्चीवरून उठला. काचेच्या पिचकारीत बधिर करायचं औषध अर्धं उरलं होतं. दातवाल्यानं स्पिरिटचा बोळा सुईवरून फिरवला अन् तीच माझ्या हिरडीत खुपसली. मी तर खूश, म्हटलं लवकर सुटली. मंग माझ्या छातीवर कोपर रोवून दाढ उपटली, कडाकड.

डॉक्टर म्हणे, "बोळ्यानं हे जंतू मरत नाहीत. सुई, पिचकारी, चिमटा, सगळं दर माणसामागे उकळायला पाहिजे. डागल्यानं कावीळ जात नाही, तो अडाणीपणा. पण ती म्हातारी सळई दरवेळी लाल करते. तुझ्या दातवाल्यानं तेवढंही केलं नाही."

तीन हप्ते खाटेवर. ग्लुकोज, उसाचा रस, तेल बंद. बाजूच्या खाटेवर एक पोटुशी बाई काविळीनं तडफडत होती. एका सोमवारी सकाळी ती गेली. तिले नेलं अन् तितक्यात दादाचं पत्र आलं. "तुझ्या वहिनीची दाढ सुजली. सोमवारी दुपारी तुझ्याच दातवाल्याकडे नेतो." म्हणजे आजच!

वहिनीले सातवा महिना. अन् मी मूर्ख! घरी फक्त 'कावीळ झाली' एवढंच कळवलं, सुईचं लिहिलंच नाई.

कोणाले न विचारता पळाली. अकोल्याची मोटार धरली, वाटेत दोनदा खिडकीबाहेर ओकली. दातवाल्याकडे शिरली तवा वहिनी तोंड वासून खुर्चीवर, अन् त्याच्या हातात पिचकारी. अर्धी भरलेली!

मी टेबलाले लाथ मारली. चिमटे खणाखण खाली. त्याचा हात दोन्ही हातानं पिरगाळला, पिचकारी भिंतीवर फुटली.

दादानं मले थोबाडीत हाणली. "याड लागलं का तुले?"

वहिनी खुर्चीवरून ओरडली, "मारू नका हो! तिचे डोळे तर पाहा!"

दादानं पाहिले. पिवळेजर्द. त्याचा हात खालीच आला.

मी मनगट दातवाल्याच्या नाकासमोर धरलं. "एक अडाणी बुढी दर बाईमागं सळई विस्तवात घालते. तुमी सुई कितीदा उकळता?"

दातवाला काच गोळा करत होता. लय हळू म्हणे, "सकाळी एकदा."

वहिनी उतरली. सुजलेला गाल धरून म्हणे, "दादल्यासंगं दारात बसते. तुमी स्टोव्ह पेटवा, दुसरी पिचकारी उकळा. उकळतं पाणी मले दिसलं पाहिजे." अन् बसली खरंच, कण्हत, पातेल्याकडे पाहत, वीस मिनिटं.

मले अमरावतीच्या दवाखान्यात परत नेलं, डॉक्टरनं चांगलं झापलं. वहिनीले आता पोरगी झाली. मी पहिले तिचे डोळे उघडून पाहिले. पांढरेशुभ्र. त्या डॉक्टरचे उपकार. अन् लाथ खाऊन हासणाऱ्या बुढीचेही.

मास्तर आले वाटते. तुमी सांगा, तुमच्या हिरडीत गेलेली सुई त्याआधी कोणाच्या तोंडात होती? विचारलं होतं कधी? अन् दाढ काढल्यावर दोन-तीन महिन्यांनी तुमचेही डोळे पिवळे झाले होते का?