माझी सून बरी झाली

माझा एकुलता एक मुलगा गेला आणि मी टेकडीवरच्या चंडिकेला जाणं बंद केलं. आमच्या जूचंद्र गावात सकाळी टेकडीकडे बघून हात जोडल्याशिवाय जुनी माणसं कामाला लागत नाहीत. मी मात्र मान खाली घालून अंगण झाडायचे. उभा जन्म जिल्हा परिषदेच्या शाळेत मुलांना प्रार्थना शिकवल्या, आणि आता माझ्याच ओठांवर एक ओळ येईना. मुलगा ताप येऊन, दम लागून गेला असं आम्ही सगळ्यांना सांगायचो. आम्हालाही तेवढंच ठाऊक होतं. त्याला मूलबाळ नव्हतं. घरात मी आणि माझी सून दर्शना, दोघीच उरलो.

वर्ष सरलं आणि तिलाही खोकला धरला. अंगावरचे कपडे सैल होऊ लागले, संध्याकाळी कणकण यायची. सरकारी रुग्णालयात बेडका तपासला तेव्हा टीबी निघाला. टीबीच्या रुग्णाची एचआयव्हीची तपासणी करतात, तशी तिचीही केली, आणि तोही निघाला. माझा मुलगा कशाने गेला असावा, हे मला तिथल्या बाकावर बसल्या बसल्या उमगलं. रडू आलं नाही.

डॉक्टरबाई तरुण होत्या. म्हणाल्या, "टीबी पूर्ण बरा होतो. एचआयव्ही ताब्यात राहतो, त्याच्या गोळ्या मात्र जन्मभर घ्यायच्या. आधी टीबीचं औषध सुरू करू, ते अंगाला मानवलं की दुसरं. मधेच सोडायचं नाही, एवढं सांभाळा."

बाहेर आल्यावर दर्शनाने माझा हात धरला. "आई, आता मी कुठं जाऊ?"

"कुठं म्हंजे? घरी. भात टाकायचा हाय," मी म्हटलं.

गावात गोष्ट झाकून राहत नाही. माझी धाकटी जाऊ दारातच उभी राहून म्हणाली, "ताई, तिला चांदीपला माहेरी धाडा. तुमचं वय झालं, उगाच तुमाला लागंल." मी तिला सांगितलं, "ही माझ्या घरातली हाय. जायचं झालं तर मी पन तिच्याबरोबर जाईन." त्यानंतर ती बरेच दिवस आमच्याकडे फिरकली नाही. दोन्ही वेळेला मी दर्शनाच्या ताटाला ताट लावून बसत राहिले. हवा खेळती राहावी म्हणून खिडक्या उघड्या ठेवायचो, मी स्वतःची तपासणीही करून घेतली, पण जेवण कधी वेगळं केलं नाही.

टीबीच्या गोळ्यांनी पहिल्याच काही आठवड्यांत गुण आला. ताप गेला, तिला भूक लागू लागली. मग एचआयव्हीच्या गोळ्या सुरू झाल्या, आणि थोड्याच दिवसांत सगळं उलटलं. पुन्हा ताप आला, मानेला गाठ आली आणि बघता बघता ती सुजून लाल झाली. एका सकाळी मी गोळ्या पुढे केल्या तेव्हा तिने तोंड फिरवलं.

"नको आई. आजारानं मेले असते ते वेगळं. आता ही औषधंच मना मारतायत."

मी समजावलं, रागावले, हात जोडले. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. शेजारणीला तिच्याजवळ बसवलं आणि मी घराबाहेर पडले. कुठे जायचं ते ठरवलं नव्हतं, पाय टेकडीच्या पायऱ्यांना लागले. देवीला मला एवढंच विचारायचं होतं की एकाला नेऊन तुझं समाधान झालं नाही का. पण अर्ध्यावर दम लागला. पायरीवर बसले, आणि इतक्या महिन्यांचं रडू एकदम फुटलं.

वरून दर्शन घेऊन एक बाई उतरत होत्या. चाळिशीच्या असतील. त्या थांबल्या, पिशवीतून बाटली काढली. "काकी, पानी घ्या. घरात कोन आजारी हाय का?"

परक्या माणसाला मी हे कधी सांगितलं नसतं. त्या दिवशी सगळं सांगून टाकलं. दोन्ही आजारांची नावं घेऊन सांगितलं. त्या बाई शेजारी बसल्या आणि त्यांनी पदर बाजूला करून मानेवरचा जुना वण दाखवला.

"मना दोन्ही होतं, काकी. माजी पन गाठ अशीच आली होती, दुसऱ्या गोळ्या चालू केल्यावर. मना वाटलं, आता संपलं. पन डॉक्टर म्हनाले, अंगात ताकद परत येते नं, ती आजाराशी झगडायला लागते, म्हनून असं होतं. तुमी गोळी बंद करू देऊ नका. आन आजच्या आज तिला दाखवा."

मी म्हटलं, "माझं ती ऐकत नाही."

"मंग चला, मी सांगते."

त्या माझ्याबरोबर घरी आल्या. दर्शनाच्या उशाशी बसल्या, तिचा हात उचलून स्वतःच्या मानेवर ठेवला आणि म्हणाल्या, "बघ. मी हाय ना जिवंत?" दर्शनाने तो वण बोटांनी चाचपून पाहिला. मग उठून बसली आणि तिने पाणी मागितलं. गोळ्या घेतल्या. बाईंनी आमच्या घरचा चहा घेतला, आम्हाला रिक्षात बसवून दिलं आणि विरारकडे जायचंय म्हणून निघून गेल्या. त्या गडबडीत मी त्यांचं नावसुद्धा विचारलं नाही.

रुग्णालयात डॉक्टरबाईंनी गाठ तपासली आणि तेच सांगितलं जे त्या बाईंनी पायरीवर सांगितलं होतं. सूज उतरायचं औषध दिलं, बाकीचं चालू ठेवलं. पुढचे महिने सोपे नव्हते. उलट्या व्हायच्या, सांधे दुखायचे. पण दर्शनाने एकही खाडा केला नाही. मी गोळ्या द्यायला जायचे तोवर तिने घेतलेल्या असायच्या. शेवटी बेडका स्वच्छ आला, आणि डॉक्टरबाई म्हणाल्या, "टीबी बरा झाला." पुढे रक्तातला विषाणूही ताब्यात असल्याचा निकाल आला. इतक्या वर्षांत माझ्या कितीतरी विद्यार्थ्यांचे निकाल मी अभिमानाने ऐकले असतील, पण इतक्या ताठ मानेने मी कधी चालले नव्हते.

यंदा गावात टीबीच्या माहितीसाठी सभा होती. बायकांमधून दर्शना उभी राहिली. मला तिने आधी काहीच सांगितलं नव्हतं. म्हणाली, "मना टीबी झाला होता, तो बरा झाला. मना एचआयव्ही हाय, त्याची गोळी मी रोज घेते. माझ्या सासूनं मना घरातून काढलं नाय, म्हनून मी आज बोलते हाय." सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. मी मान खाली घातली नाही.

सभा संपली तेव्हा माझी धाकटी जाऊ आमच्यापाशी आली. तिचे डोळे भरले होते. "दर्शना, आमच्या ह्यांना लई दिवस खोकला हाय गं. कोनाला सांगितलं नाय. कुठं न्यायचं?"

"काकी, सकाळी तयार रावा," दर्शना म्हणाली. "मी येते बरोबर."

त्या बाई पुन्हा कधी दिसल्या नाहीत. त्या कोण होत्या, त्याच वेळी तिथे कशा आल्या, याचा खल मी करत नाही. देवीने पाठवलं असं माझं मन म्हणतं आणि मी त्याला अडवत नाही. शरण जायचं म्हणजे सगळं तिच्यावर सोपवून हात झटकायचे, असं मला पूर्वी वाटायचं. आता कळतं, ती जे हातावर ठेवील ते घ्यायचं. मग तो प्रसाद असो, परक्या बाईचा शब्द असो, नाहीतर रोजची कडू गोळी.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझे दीर मान खाली घालून रिक्षात बसले. दर्शना त्यांच्या शेजारी बसली आणि म्हणाली, "काका, घाबरू नका. मी हाय ना!"