रिकामे चौकोन

नातीबरोबर प्लेनोतल्या एका गराज सेलमध्ये कुणा पोराचा संडे स्कूलच्या हजेरीचा जुना अल्बम उघडला आणि तिकिटांच्या डिंकाचा तो वास आला.

तेव्हा मी लग्न होऊन अमेरिकेत नवीनच आले होते. ड्रायव्हिंग येत नव्हतं, आठवडाभर अपार्टमेंटमध्ये कोंडलेली. रविवारी तेवढी शेजारची म्हातारी चर्चला न्यायची. तिथे पोरांच्या वर्गात बसून मीही हजेरीचं तिकीट जिभेने ओलं करून अल्बममधल्या त्या रविवारच्या चौकोनात चिकटवायची. एक चौकोन रिकामा राहिला तर ती पुन्हा नेणार नाही, अशी या शहाणीची समजूत. अंगात ताप असतानाही साडी नेसून दारात उभी.

"अगं, झोप जरा," हे म्हणाले.

"आणि तिकीट?"

मी अल्बम मिटून पैसे काढायला लागले. "आजी, हा कशाला? अर्धा एम्प्टी आहे," नात म्हणाली.

"म्हणून तर घेतेय. ज्याचा हा अल्बम, त्या पोराला रविवारी जायला दुसऱ्या जागा होत्या."