न फुटलेल्या पाइपाची नोंद

सरकारी खात्यांच्या डोक्यात कधी काय येईल ते सांगता येत नाही. त्या वर्षी आलं ते मात्र चांगलं होतं. एका खात्यातल्या मुरलेल्या माणसानं दुसऱ्या खात्यातल्या नव्या माणसाला वर्षभर हाताशी धरायचं आणि चार गोष्टी शिकवायच्या. पाणीखात्यातल्या मुकादमकाकांच्या वाट्याला रस्तेखात्यातली एक नवी इंजिनिअर आली. चोवीस वर्षांची, अजून नोकरीत कायम न झालेली.

काकांची एकतीस वर्षं जमिनीखालच्या पाइपांत गेली होती. रस्त्यावर लोखंडी कांब टेकवून तिला कान लावला की पाणी कुठं गळतंय ते त्यांना कळायचं. "जमिनीखालचं सगळं ऐकू येतं यांना, मी मारलेली हाक तेवढी येत नाही," असं काकू येईल त्याला सांगायच्या.

पहिल्या दिवशी काका तिला मॅडम म्हणाले. ती म्हणाली, "मॅडम काय हो काका, मला अजून फावडं धरता येत नाही." तेव्हापासून ती त्यांची पोरगी झाली. काकांनी तिला गल्ल्यागल्ल्यांतून पायी फिरवलं, कांबेला कान लावून खालचं पाणी ऐकायला शिकवलं. "नकाशात लाइन अगदी सरळ दिसली की समजायचं, काढणारा खुर्चीतून उठलाच नव्हता. मशीन लावायच्या आधी हातभर हातानं खणून बघ. शंका आली तर काम थांबव आणि मला फोन कर."

पोरीनं तेच केलं. दवाखान्याच्या मागचा रस्ता खणायचा होता. नकाशात पाइप डाव्या कडेला होता. तिनं मशीन थांबवलं, दोन माणसं लावली, आणि हातभर खोलीवर, बरोबर रस्त्याच्या मधोमध, दवाखान्याचा मुख्य पाइप लागला. काकांनी येऊन खणायची रेघ सरकवून दिली. कामाला दीड दिवस जास्त लागला, पण दवाखान्यातला एक नळ मिनिटभरही बंद पडला नाही.

आठवड्यानं पोरीच्या हातात पत्र पडलं. काम विनाकारण दीड दिवस थांबवलं, म्हणून कायम करणं सहा महिने पुढं ढकललं होतं. विनाकारण! काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. धुतलेला शर्ट घालून ते थेट तिच्या साहेबांपुढं उभे राहिले.

"साहेब, तिनं पाइप वाचवला."

"कुठला पाइप फुटला होता?"

"फुटला नाही, म्हणून तर सांगतोय!"

"मग मी नोंद कशाची करू?" साहेबांनी वहीच फिरवून दाखवली. उशीर झाला तर त्याला रकाना होता, पाइप फुटला तर त्यालाही होता. न फुटलेल्या पाइपाला नव्हता. "आणि मुकादम, तुम्ही नव्या लोकांना धीर द्यायचा. काम थांबवायला शिकवायचं असं योजनेत कुठं लिहिलंय?"

काकांनी तिथंच कागद मागून लिहून दिलं, "थांबवायला मी सांगितलं. कारवाई माझ्यावर करा." कागदावर मिळाल्याचा शिक्का बसला. उत्तर आजतागायत आलेलं नाही. एवढी खाती, एवढे साहेब, आणि दोन ओळी लिहायला एकाचाही हात उठला नाही!

पोरगी रोज कामावर जात राहिली. एकदाच म्हणाली, "काका, घरात मी एकटीच कमावती आहे. पुन्हा लांबलं तर मला काढतील."

सहाव्या महिन्यात दवाखान्यासमोरच्या चौकात रस्ता खणताना पाइप फुटला. काका माणसं घेऊन धावले, तेव्हा पाणी दुकानांच्या पाट्यांपर्यंत उडत होतं आणि वरच्या मजल्यांवर परिचारिका बादल्या वाहत होत्या. मशीनशेजारी पोरगी उभी होती, नखशिखांत भिजलेली.

"हातानं खणून बघितलं होतंस?"

"नकाशात इथं लाइन नाही, काका," ती जमिनीकडं बघत म्हणाली.

दवाखाना दोन दिवस पाण्यावाचून राहिला. अहवालात आलं की पाणीखात्याचा पाइप जुना होता, रस्त्याचं काम मात्र वेळेत झालं. साहेबांनी तेवढं वाचून जबाबदारी झटकली आणि अहवालाखाली सही केली.

पंधरा दिवसांनी ती काकांच्या चौकीच्या दारात येऊन उभी राहिली. हातात कागद होता.

"काका, मी कायम झाले."

काकांनी कागद दोनदा वाचला. घडी करून तिला परत दिला. त्यांना आरडाओरडा करावासा वाटत होता, तिच्यावर नाही, त्या वहीवर आणि ती वही आखणाऱ्या प्रत्येकावर. त्यांनी स्टूल पुढं सरकवलं, पण ती बसली नाही.

"मला माहीत होतं, काका," ती म्हणाली. "पाइप तिथंच आहे, हे मला माहीत होतं."